कोपर, टाच, अंगठा आणि हायलुरोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन

द्राक्षबागांची ऑक्टोबरमधली गोडी छाटणी सुरू झाली की दोन-तीन आठवड्यांत नाशिकजवळच्या दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतकडची कोपरं दुखायला लागतात. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चालवणारा हात दिवसभर काडीगणिक मिटतो आणि उघडतो. मनगट उचलून धरणारा स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथे तो सगळा ताण साठत जातो. थंडी पडली की नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर अंतर वाढवणाऱ्यांच्या टाचा कुरकुरतात. बॅडमिंटनवाल्यांचा खांदा, कांदा निवडणाऱ्या बायकांचा अंगठा, तान्ह्या बाळाला दिवसातून पन्नासदा उचलणाऱ्या आईचं मनगट, ही सगळी दुखणी एकाच जातीची. दुखतं ते टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. पाठ्यपुस्तकात त्याला कंडरा म्हणतात आणि बोलताना आपण सरसकट ‘नस धरली’ म्हणतो. नसेशी त्याचा काही संबंध नसतो.

गेल्या काही वर्षांत या लोकांचा एक प्रश्न हमखास असतो: आईच्या गुडघ्यात जेलचं इंजेक्शन दिलं होतं, तसं माझ्या कोपरात देता येईल का? देता येतं. ते जेल म्हणजे हायलुरोनिक अ‍ॅसिड. पण गुडघ्यात ते सांध्याच्या पोकळीत जातं आणि टेंडनला अशी पोकळी नसते, त्यामुळे ते कुठे सोडायचं, कोणत्या टेंडनसाठी सोडायचं आणि नंतरच्या बारा आठवड्यांत काय करायचं यावर सगळं ठरतं. सुई पाच मिनिटांत टोचून होते. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि बहुतेकांना नेमकं तेच सांगितलं जात नाही.

आधी दुखणं समजून घेऊ. टेंडन मुख्यतः पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनच्या समांतर धाग्यांचं असतं, वळलेल्या सुंभासारखं. झेपेल त्यापेक्षा जास्त ताण रोज पडत राहिला आणि मध्ये सावरायला वेळ मिळाला नाही, तर या धाग्यांची मांडणी विस्कटते. दुरुस्तीसाठी तिसऱ्या प्रकारचं, कमी ताकदीचं कोलॅजेन तिथे भरलं जातं, पाणी साठतं, टेंडन जाड होतं आणि बाहेरून बारीक रक्तवाहिन्या व त्यांच्यासोबत चेतातंतू आत शिरतात. जुन्या दुखण्यातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर सूज आणणाऱ्या नेहमीच्या पेशी फारशा दिसत नाहीत. म्हणून ‘टेंडिनायटिस’ हा शब्द मागे पडला आणि ‘टेंडिनोपॅथी’ रूढ झाला. हा नुसता नावातला बदल समजू नये. सूज हे मूळ नसेल तर महिनोन्‌महिने सूजविरोधी गोळ्या खाऊन काही दुरुस्त होणार नाही, एवढं त्यातून कळतं.

टेंडनची दुरुस्ती संथ असण्याला आणखी एक कारण आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ चा माग काढत टाचेच्या टेंडनचं वय मोजलं. २०१३ साली आलेल्या त्या अभ्यासात दिसलं की टेंडनचा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळपास बदलत नाही. तेव्हा ‘या इंजेक्शनने नवीन टेंडन तयार होईल’ असं कोणी सांगितलं तर ते मान्य करू नका. त्या इंजेक्शनचं खरं काम वेगळं आणि मर्यादित आहे.

हायलुरोनिक अ‍ॅसिड शरीराला परकं नाही. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवातून वेगळं केलं. ग्लुकुरोनिक अ‍ॅसिड आणि एन-असिटिल ग्लुकोसामाइन या दोन शर्करांची जोडी हजारो वेळा जोडून बनलेली ती लांबच लांब साखळी असते. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात ते सुमारे १५ ग्रॅम असतं आणि त्यातलं जवळजवळ एक तृतीयांश रोज मोडून नव्याने तयार होतं. पाणी धरून ठेवणं आणि दोन थरांमध्ये घसरण ठेवणं ही त्याची मुख्य कामं. टेंडनभोवतीच्या पातळ आवरणात आणि बोटांच्या टेंडनच्या नळीसारख्या वेष्टनात ते मुळातच असतं. दुखणाऱ्या टेंडनभोवती हे थर एकमेकांना चिकटायला लागतात. सकाळी पहिली पावलं टाकताना टाच आखडते, त्यात या चिकटण्याचाही वाटा असतो.

बाहेरून सोडलेलं हायलुरोनिक अ‍ॅसिड दोन प्रकारे काम करतं. एक, थरांमध्ये वंगण आणि जागा. दुसरं, पेशींवरच्या सीडी४४ नावाच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटून दाहाचे निरोप शांत करणं. प्रयोगशाळेत टेंडनच्या पेशींवर ते घातल्यावर पेशी जास्त तगतात आणि पहिल्या प्रकारचं कोलॅजेन वाढतं असंही दिसलं आहे, पण बशीतल्या पेशी आणि चालत्या माणसाची टाच यांत फार अंतर आहे. महत्त्वाचा मुद्दा रेणूच्या लांबीचा. लांब साखळ्या दाह शमवतात, तुटलेले छोटे तुकडे उलट तो चेतवतात. म्हणून खोक्यावर रेणुभार किती लिहिला आहे ते बघायचं. टेंडनसाठी बनवलेल्या सिरिंज साधारणपणे सरळ साखळीच्या असतात. रासायनिक गाठी मारून घट्ट केलेलं, गुडघ्यात महिनोन्‌महिने राहावं म्हणून बनवलेलं जेल टेंडनभोवती सोडू नये. ते जागच्या जागी गोळा होऊन बसतं आणि सुजेची प्रतिक्रिया देण्याची शक्यता वाढते. चेहऱ्याच्या फिलरचंही तेच, ते टेंडनसाठी नाहीच.

सरळ साखळीचं हायलुरोनिक अ‍ॅसिड एक-दोन दिवसांत मोडून जातं. तरी आराम आठवडे टिकतो, कारण मोकळे झालेले थर आणि शांत झालेला दाह लगेच परत बिघडत नाही. इथेच या उपचाराचा खरा अर्थ कळतो. इंजेक्शन तुम्हाला काही आठवड्यांची फट मिळवून देतं. त्या फटीत टेंडनवर हळूहळू वाढता भार दिला तर ते बळकट होतं. त्याच फटीत परत पूर्वीसारखी दिवसभर कात्री चालवली तर दुखणं जिथून निघालं तिथेच येऊन थांबतं.

मग स्टेरॉइडच का नको? ते स्वस्त आहे, कुठेही मिळतं आणि पहिल्या महिन्यात त्याच्याइतका झटपट आराम दुसऱ्या कशानेही पडत नाही. याचं उत्तर २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या नेदरलँड्सच्या अभ्यासात आहे आणि ते आकडे प्रत्येक टेनिस एल्बोवाल्याने, म्हणजे कोपराची बाहेरची बाजू दुखणाऱ्याने, वाचावेत. १८५ रुग्णांचे तीन गट केले होते. सहा आठवड्यांनी स्टेरॉइडच्या गटात ९२ टक्के, फिजिओथेरपीच्या गटात ४७ टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत ३२ टक्के लोक बरे होते. वर्ष संपताना चित्र उलटलं: स्टेरॉइड ६९, फिजिओथेरपी ९१, नुसती वाट पाहणं ८३. म्हणजे काहीही न केलेले लोक वर्षाअखेरीस स्टेरॉइड घेतलेल्यांपेक्षा चांगले होते. पुढच्या अभ्यासांतही स्टेरॉइडनंतर दुखणं उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. शिवाय कोपर आणि मनगटाची कातडी पातळ, तिथे स्टेरॉइडने पांढरा डाग पडतो, खालची चरबी झिजून खळगा होतो. टाचेच्या टेंडनमध्ये किंवा लगत ते दिलं तर टेंडन तुटण्याचा धोका असतो. मधुमेह्यांची साखर काही दिवस चढलेली राहते. हायलुरोनिक अ‍ॅसिडमध्ये यांपैकी काही नाही, आणि मला वाटतं आपल्याकडे घरटी मधुमेह असताना हा मुद्दा जेवढा बोलला जायला हवा तेवढा जात नाही.

आता पुरावा. टेनिस एल्बोवर सर्वांत मोठा अभ्यास २०१० चा, रॅकेटचे खेळ खेळणाऱ्या ३३१ खेळाडूंवरचा. आठवड्याच्या अंतराने दोन इंजेक्शनं, प्रत्येकी १.२ मिली, एक टक्का तीव्रतेची. सलाइन दिलेल्यांच्या तुलनेत दुखणं आणि पकड दोन्ही सुधारले आणि फरक वर्षभर टिकला. टाचेच्या मधल्या भागाच्या दुखण्यावर २०१७ मध्ये ५९ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात दोन हायलुरोनिक इंजेक्शनं शॉकवेव्हच्या (बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देण्याच्या उपचाराच्या) तीन बैठकांपेक्षा सरस ठरली. याच्या विरुद्ध बाजूला २०१२ चा खांद्यावरचा अभ्यास ठेवा. १५९ रुग्ण होते, आणि खांद्याच्या कमानीखाली दिलेलं हायलुरोनिक अ‍ॅसिड नुसत्या दिखाऊ इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. अल्प मुदतीत स्टेरॉइडच पुढे होतं. बाकीचे बरेच अभ्यास लहान आहेत, काहींत तुलनेला गटच नाही, काहींचा खर्च उत्पादक कंपन्यांनी उचललेला. हे सगळं धरून माझं मत असं: टाचेचा मधला भाग आणि कोपराची बाहेरची बाजू इथे हायलुरोनिक अ‍ॅसिड वापरण्याला आधार आहे. खांद्यासाठी मी ते पहिल्या रांगेत ठेवणार नाही. आणि कुठेही, तीन महिने नीट व्यायाम केल्याशिवाय त्यावर पैसे घालू नयेत. अपवाद एकच, दुखण्यामुळे व्यायाम सुरूच करता येत नसेल तर.

अंगठ्याकडच्या मनगटाचं दुखणं, ज्याला डी क्वेर्वेन म्हणतात, आणि बोट अडकून खट्‌कन सुटणारं ट्रिगर फिंगर, ही दोन्ही प्रकरणं निराळी. इथे टेंडन एका अरुंद बोगद्यातून जातं आणि बोगद्याची भिंत जाड झालेली असते. अशा ठिकाणी स्टेरॉइडचं एक इंजेक्शन खरोखर चांगलं काम करतं आणि मधुमेह नसेल तर पहिली निवड तीच ठेवावी. साखर ताब्यात नसेल किंवा एकदा स्टेरॉइड घेऊनही उलटलं असेल, तर हायलुरोनिक अ‍ॅसिडचा विचार होतो. डी क्वेर्वेनमध्ये एक खाच आहे: अनेकांच्या मनगटात त्या बोगद्यात मधोमध पडदा असतो आणि दोन टेंडनं दोन वेगळ्या कप्प्यांतून जातात. एकाच कप्प्यात औषध गेलं तर अंगठा निम्माच बरा होतो. सोनोग्राफीत हा पडदा दिसतो, म्हणून हे इंजेक्शन अंदाजाने देऊ नये.

खरं तर टेंडनचं कुठलंच इंजेक्शन अंदाजाने देऊ नये. सोनोग्राफीचं मशीन पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली नोंदवावं लागतं, त्यामुळे ते प्रत्येक छोट्या दवाखान्यात नसतं. मग कोपर दाबून जिथे जास्त दुखतं तिथे सुई टोचली जाते. कोपरात कधी ते जमूनही जातं, टाचेत जमत नाही. इंजेक्शन घ्यायचं ठरलं तर सोनोग्राफी बघत देणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा रेडिओलॉजिस्टकडे जा, अंतर जास्त पडलं तरी.

प्रत्यक्ष पद्धत अशी असते. सिरिंज आधीच भरलेली, निर्जंतुक पाकिटात बंद असते, साधारण २ मिलीची. त्यात २० ते ४० मिलिग्रॅम हायलुरोनिक अ‍ॅसिड, आणि काहींत ते लवकर मोडू नये म्हणून मॅनिटॉल. खोक्यावर बहुधा २५ अंशांच्या आत ठेवा आणि गोठवू नका असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा औषधाच्या दुकानातून घेतलेली सिरिंज स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून दोन कामं उरकत दवाखान्यात पोहोचू नका. फ्रिजमधली असेल तर वीस-तीस मिनिटं बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. थंड जेल दाट असतं, ढकलायला जोर लागतो आणि रुग्णाला जास्त दुखतं.

कातडी पुसण्याच्या औषधाकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. सेट्रिमाइड किंवा बेंझाल्कोनियम असलेलं जंतुनाशक इथे चालत नाही. या जातीचे क्षार हायलुरोनिक अ‍ॅसिडला भेटले की ते साक्यासारखं खाली बसतं आणि औषध वाया जातं. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं आणि ते पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या कातडीतून टोचायचं नाही.

सुई साधारण २२ ते २५ गेजची. त्याहून बारीक घेतली तर दाट द्रव पुढे सरकत नाही. कातडीपुरती भूल हवी असेल तर लिडोकेनचा छोटा फुगा करायचा, पण लिडोकेन सिरिंजमध्ये मिसळायचं नाही, आणि टेंडनमध्ये तर भुलीचं औषध जायलाच नको. प्रोब (सोनोग्राफीचा कातडीवर ठेवायचा दांडा) टेंडनच्या लांबीत किंवा आडवा धरून सुई बाजूने आणायची, म्हणजे तिची पूर्ण लांबी पडद्यावर दिसत राहते. टाचेच्या मधल्या दुखण्यात, म्हणजे टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर, टोक टेंडन आणि त्याच्या आवरणाच्या मध्ये न्यायचं, शक्यतो पुढच्या बाजूने, चरबीच्या गादीलगत, कारण नव्या रक्तवाहिन्या तिकडूनच आत शिरतात. औषध बरोबर जागी पडलं की पडद्यावर टेंडनच्या कडेने काळी पट्टी लांबत जाते. ढकलताना अडायला लागलं, अंगठ्याला जोर करावा लागला, तर समजायचं की टोक टेंडनच्या आत आहे. तेव्हा जोर करायचा नाही, मिलिमीटरभर मागे यायचं. जबरदस्तीने आत भरलेला द्रव धाग्यांना फाडत जातो आणि नंतरचे तीन दिवस रुग्णाला नकोसे होतात.

मात्रा जागेप्रमाणे बदलते. टाचेला २ मिली, कोपराला १ ते २, अंगठ्याच्या बोगद्याला आणि बोटाला अर्धा ते एक मिली पुरतं. दुसरं इंजेक्शन आठवड्याने. बोटात २ मिली कोंबणं म्हणजे बोगद्यात दाब वाढवणं. सिरिंज महाग म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत भरण्याचा मोह होतो, तो टाळायला हवा. उरलेलं औषध पुढच्या आठवड्यासाठी ठेवणं तर अजिबात नको. पाकीट उघडलं की निर्जंतुकपणा संपला.

पहिले २४ ते ४८ तास जागा जड वाटते, ठसठसते. कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि लागलीच तर पॅरासिटामॉल, एवढं पुरतं. दोन दिवस वजन उचलणं, धावणं, छाटणी बंद. घरातलं चालणं, जेवणं, कपडे घालणं चालू. पट्टी बांधून हात गळ्यात अडकवून ठेवण्याची गरज नाही. दुखणं दोन दिवसांनी कमी होण्याऐवजी वाढत गेलं, जागा लाल आणि गरम झाली, ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. फोनवर सल्ला घेत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

कोणी हे इंजेक्शन घेऊ नये तेही सांगायला हवं. त्या जागी कातडीवर फोड, जखम किंवा नायटा असेल तर आधी तो बरा करा. काही उत्पादनं कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतात, काही जिवाणूंच्या किण्वनातून. अंडी किंवा पक्ष्यांच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने दुसऱ्या प्रकारचीच मागावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. आणि टेंडन पूर्ण तुटलेलं असेल तर हे इंजेक्शन निरुपयोगी आहे. पोटरीत मागून कोणी काठी मारल्यासारखं झालं, ‘टप्‌’ आवाज आला आणि नंतर चवड्यावर उभं राहता येईना, तर टाचेचं टेंडन तुटलं असं धरून चाला. पालथं झोपवून पोटरी दाबली की पाऊल खाली हलायला हवं. हललं नाही तर पुढचा रस्ता अस्थिरोगतज्ज्ञाचा.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या कुळातल्या प्रतिजैविकांनी टेंडन दुखतं, क्वचित तुटतंही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साठीपुढचे आणि सोबत स्टेरॉइड घेणारे यांना धोका जास्त. लघवीच्या जळजळीसाठी किंवा जुलाबासाठी या गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात आणि पंधरा दिवसांनी टाच दुखायला लागली तर दोन्हींचा संबंध कोणी जोडत नाही. टेंडनचं दुखणं नव्याने आलं असेल तर मागच्या दोन-तीन महिन्यांत घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत घेऊन जा.

आता ज्यासाठी एवढं सगळं करायचं तो भाग, व्यायाम. तिसऱ्या दिवसापासून स्थिर ताण सुरू होतो: जागच्या जागी जोर लावायचा, सांधा हलवायचा नाही. ४५ सेकंद जोर, दोन मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा. कोपरासाठी पंजा टेबलाखालून वर रेटायचा किंवा गुंडाळलेला टॉवेल पिळून धरायचा. टाचेसाठी दोन्ही चवड्यांवर उभं राहून थांबायचं. पहिला आठवडा, म्हणजे दुसऱ्या इंजेक्शनपर्यंत, एवढंच. त्यानंतर परत दोन दिवस विश्रांती आणि मग खरा भार.

टाचेचा जुना आणि तपासून पाहिलेला कार्यक्रम स्वीडनच्या अल्फ्रेडसन यांचा, १९९८ सालचा. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, चांगल्या पायाने वर जायचं, दुखऱ्या पायावर सगळं वजन घेऊन हळूहळू टाच पायरीच्या खाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन संच, गुडघा किंचित वाकवून १५ चे तीन संच, दिवसातून दोनदा. म्हणजे दिवसाला १८० वेळा, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये ५ किलो तांदूळ घालायचे आणि तसंच वाढवत न्यायचं. रोज १८० जमत नसतील तर आठवड्यातून तीन दिवस जड वजनाने, सावकाश, वर जायला तीन सेकंद आणि खाली यायला तीन सेकंद, हेही तितकंच उपयोगी ठरतं. दुकानात उभं राहणाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना हे दुसरं जास्त पाळता येतं.

दुखणं टाचेच्या हाडाला टेंडन चिकटतं तिथेच असेल, तर मात्र टाच पायरीच्या खाली न्यायची नाही. सपाट जमिनीवरच करायचं. टाच खाली गेली की टेंडन हाडावर दाबलं जातं आणि व्यायामानेच दुखणं वाढतं. याच कारणाने उकिडवं बसणंही टाळायचं. जमिनीलगतचं खुडणं, निंदणी, देशी संडास, या सगळ्यांत टाचेचं टेंडन त्याच हाडावर आवळलं जातं. काम सोडता येत नसेल तर बूड टेकायला लाकडी पाट किंवा छोटं स्टूल घ्या आणि चपलेत टाचेखाली एक सेंटिमीटरची गादी घाला. सपाट स्लिपर काही महिने बाजूला. पांडवलेणीच्या पायऱ्या रोज चढणाऱ्यांनी पहिले सहा आठवडे सपाट रस्त्यावर चालावं, चढ नंतर.

कोपरासाठी हात टेबलावर ठेवायचा, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो, तिथून सुरुवात. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर उचलायचं, मग दुखऱ्या हाताने एकट्याने चार सेकंद मोजत खाली सोडायचं. १५ चे तीन संच, दिवसातून एकदा. तिन्ही संच सहज झाले की पाव किलो वाढवा. बायका असोत की पुरुष, दोन-तीन किलोपर्यंत पोहोचल्याशिवाय कोपर दिवसभराच्या कात्रीला तयार झालं असं धरू नये.

‘दुखलं की थांबायचं’ हा नियम टेंडनला लागू नाही. दहापैकी पाचपर्यंत दुखलं तर चालतं, अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा जास्त नसावं. जास्त असेल तर एक दिवस सुट्टी आणि वजन एक पायरी खाली. पूर्ण विश्रांती ही सर्वांत मोठी चूक. महिनाभर हात न वापरता घरात बसलं तर दुखणं जातं, पण टेंडन आणखी कमकुवत होतं आणि कामावर परतल्याच्या आठवड्यात सगळं पुन्हा सुरू होतं. दुसरी चूक याच्या उलट: इंजेक्शनने चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थेट दिवसभराची छाटणी किंवा दहा किलोमीटर. आराम वाटणं आणि ताकद येणं यांच्यात आठ-दहा आठवड्यांचं अंतर असतं.

चेहऱ्याला लावायचं हायलुरोनिक सिरम कोपरावर चोळून काही होत नाही. एवढा मोठा रेणू कातडीतून टेंडनपर्यंत जात नाही. गोळ्या-कॅप्सूलमधली साखळी आतड्यात तुटते. त्यावर खर्च करण्यापेक्षा फिजिओथेरपिस्टकडच्या चार भेटींना पैसे द्या.

सहा ते आठ आठवड्यांनी काहीच फरक नसेल तर तिसरं, चौथं इंजेक्शन मागू नका. आधी निदान पुन्हा तपासा. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं कधी मानेतून येतं, कधी तिथल्याच दबलेल्या चेतातंतूमुळे असतं. टाचेचं दुखणं दोन्ही पायांना, सकाळी तासभर आखडणं आणि पाठही धरलेली, असं असेल तर संधिवाताच्या तपासण्या लागतात.

द्राक्षबागायतदारांसाठी आणि छाटणीच्या टोळ्यांसाठी वेळेचं गणित महत्त्वाचं. गोडी छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात धरली, तर बारा आठवडे मागे मोजल्यावर जुलैचा दुसरा आठवडा येतो. इंजेक्शन घ्यायचंच असेल तर ते तेव्हा, पावसाळ्यात, हाताला उसंत असताना. छाटणी तोंडावर आल्यावर घेतलेलं इंजेक्शन फक्त पहिले काही दिवस निभावून नेतं. एप्रिलच्या खरड छाटणीसाठी हेच गणित जानेवारीत येतं, पण तेव्हा काढणी सुरू असते. अशा वेळी इंजेक्शन पुढे ढकलून निदान स्थिर ताणाचा व्यायाम तरी चालू ठेवा. सिकेटरचं पातं रोज सकाळी घासा, स्प्रिंगला तेल द्या आणि मुठीची जाडी अशी निवडा की बोटं तळव्याला टेकणार नाहीत. बोथट पात्याला प्रत्येक काडीमागे जास्त जोर लागतो आणि तो सगळा कोपरावर येतो. जाड ओलांड्यासाठी, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीसाठी, करवत वापरा. दर तासाला पाच मिनिटं हात बदला किंवा काड्या गोळा करण्याचं काम घ्या.